केळशीच्या टेकडीवरची अट

दापोलीला त्या काळी जुनी माणसे कँपच म्हणत. गोऱ्या पलटणीचा तळ उठून किती वर्षे झाली होती, पण त्यांनी आखलेले रुंद, सरळ रस्ते, दगडी चर्च, गोऱ्यांची जुनी थडगी आणि मोठमोठ्या आवारांतले ओस बंगले तसेच उभे होते. माझी नोकरी तिथल्या कचेरीत. एका बंगल्याच्या मागे, पूर्वी नोकरांसाठी बांधलेल्या खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. विषमज्वरातून उठल्यावर माझी पत्नी पुन्हा चालायला शिकली ती याच रस्त्यांवर. आधी फाटकापर्यंत, मग शेजारच्या बंगल्यापर्यंत, पुढे चर्चला वळसा घालून. शेजारणी म्हणत, "मडमेसारखी हवा खायला निघते." ती ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी थोडी आणखी पुढे जाई.

तरी विहिरीवरून पाणी आणताना तिचे पाय लटपटत. डॉक्टरांनी सांगितले होते की पूर्वीचे बळ येईल याची खात्री नाही. तिचे माहेर केळशीचे. तिथून तिचे वडील बंधू आले आणि म्हणाले, "हिला कायमची आमच्याकडे राहू दे. खोली तयार ठेवली आहे. तुम्ही सुटीला येत जा." मुले मुंबईला शिकायला होती. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि मलाही ते बरोबर वाटले. तसे मी बोललो.

पत्नीने तांदूळ निवडता निवडता उत्तर दिले. "आमच्या गावच्या वाळूच्या टेकडीवर मी परकरात असताना धावत चढत होते. आता चढून दाखवते. चढले तर परत कँपात, माझ्या चुलीपाशी. नाही चढले तर दादाकडे राहीन, पुन्हा शब्द काढणार नाही. पण मला कोणी हात द्यायचा नाही."

माघातली संकष्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी निघायचे ठरले. आखणी माझी. पहाटेच्या मोटारीने हर्णै, तिथून तरीने खाडी ओलांडून आंजर्ले, पुढे तिच्या मामांची बैलगाडी. वाटेत आड्याची खाडी लागते. ती ओहोटीला गाडीतून पार होते, भरतीला होत नाही. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. काल संकष्टी, म्हणजे आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून ओहोटी पावणेदहाला. त्यानंतरही काही वेळ गाडी जाऊ शकते. मामांकडे निवांत चहा घेतला, तिला थोडे पडायला लावले आणि मग निघालो.

खाडीवर पोचलो तर पाणी आत शिरत होते. बैलांनी कडेलाच पाय रोवले. गाडीवान म्हणाला, "आता नाय जायाचं. पानी वर येतांय."

"असे कसे? पंचमी आहे ना आज?" मी म्हणालो.

गाडीत बसलेली पत्नी हसू लागली. "अहो, पंचमी कुठली! संकष्टी चंद्रोदयाला धरतात. चतुर्थी काल दुपारनंतर लागली, ती आज दुपारपर्यंत आहे. म्हणजे ओहोटी नवालाच झाली. उपास मी केला आणि तिथी तुम्ही मोजलीत."

"मग आधी का नाही बोललीस?"

"विचारलंत कधी?"

सकाळच्या गारव्यात वाळू चढायची, ही माझी सारी योजना त्या पाण्यात गेली. गाडी परत पाठवली. होडीवाला जेवायला गेला होता, त्याची वाट पाहिली. पलीकडे गेल्यावर दुसरी गाडी जुळवायला आणखी वेळ गेला. केळशीच्या टोकाला टेकडीपाशी उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

तिचे दादा दोन गडी आणि एक डोली घेऊन सावलीत बसले होते.

"ही कशाला?" पत्नीने डोलीकडे बोट केले.

"परत न्यायला. अगो, वाळू बघ कशी तापल्ये! लाह्या फुटतील. घरी चल, जेव, झोप. संध्याकाळी चढ."

"संध्याकाळी चढले तर म्हणशील, वाळू गार होती."

तरुणपणी मी सिंधमध्ये नोकरीला होतो. तिथे वाळवंट पाहिले होते. हिरव्या कोकणात, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असताना, तसाच वाळूचा उघडा डोंगर उभा राहावा याचे मला नेहमी नवल वाटे. वर झाड नाही, सावली नाही. वाऱ्याने पाडलेल्या बारीक वळ्या तेवढ्या दिसत. पायथ्याशी तांबड्या कुर्ल्या आमची चाहूल लागताच बिळांत शिरल्या. पाण्यापासून वर आलेली एक रुंद रेघ होती, गाडीच्या चाकोरीसारखी. रात्री कासवीण अंडी घालून गेली होती.

"बघ, ती शहाणी," दादा म्हणाले. "रात्री गारव्यात चढली."

"तिच्या वाटेत कोणी डोली घेऊन बसलं नव्हतं."

तिने वहाणा काढल्या. मी पुढे झालो, तिने नुसते पाहिले आणि मी थांबलो. समोरच्या उघड्या चढावर न जाता ती खाडीच्या अंगाला वळली. तिथे मर्यादवेल जाड पानांनी वाळूवर वरपर्यंत पसरली होती. तिच्यावर पाऊल भाजत नव्हते आणि वाळूही तितकी घसरत नव्हती.

"ही लबाडी झाली हां!" दादा ओरडले.

"लहानपणी तूच दाखवलीस ही वाट," ती वळून न पाहता म्हणाली.

मी चार हात मागून चाललो. मध्यावर तिचा गुडघा वाकला आणि ती दोन्ही हातांवर आली. खालून दादांची हाक आली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने वेल मुठीत धरली, तशीच थोडा वेळ राहिली, श्वास घेतला आणि उठली. शेवटी वेल संपली. उरलेली उघडी, तापलेली वाळू तिने पदर दातांत धरून, न थांबता, जवळजवळ धावतच पार केली आणि माथ्यावर बसली.

मी पोचलो तेव्हा ती तळवे वर करून फुंकर घालत होती. खाली खाडीचे मुख भरत चालले होते. पुळणीवर कुरव पक्ष्यांचा थवा उठत होता, बसत होता. पलीकडच्या उंच झाडावर समुद्रगरुडाचे काटक्यांचे घरटे होते आणि त्यात एक गरुड चोचीने मासा फाडत होता.

दादा धापा टाकत वर आले. कपाळ पुसून म्हणाले, "काय हो, खोलीचं काय करायचं आता?"

"नारळ भर," ती म्हणाली.

ते मोठ्याने हसले आणि खाली गड्यांना डोली घरी न्यायची खूण केली. तिच्यापेक्षा त्यांनाच उतरायला जास्त वेळ लागला.

त्या रात्री माहेरी जेवताना मी परतीची आखणी सांगू लागलो. ती भात वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, "उद्या पंचमी. ओहोटी पावणेदहाला. खाडी लांब आहे, तेव्हा सूर्य उगवायच्या आत निघायचं. कँपातल्या विहिरीवर दोर बदलायचा राहिलाय, नवा आणायला वाटेत हर्णैला थांबू."

मी होकार दिला.