उघडण्याआधीची अठरा कामं

ऑफिसात त्यांना सगळे चिंगूसकाका म्हणत, तेही तोंडावर. कंप्युटरमधली चिमूटभर जागा वाया गेली तरी त्यांचा जीव तुटायचा. कागदपत्रं वाचायचा त्यांनी लिहिलेला प्रोग्राम इतका हलका होता, की क्लिक करून बोट उचलेपर्यंत पान समोर यायचं.

मग माणसं यायला लागली. एका अंध शिक्षिकेने विचारलं, वाचून दाखवता येईल का? तिला नाही कसं म्हणणार? वकिलाला स्क्रीनवरच सही करायची सोय हवी होती. कुणाला दुसऱ्या लिपीचे फॉन्ट हवे होते. एकदा एका फायलीतून व्हायरस शिरला, म्हणून तपासणी आली. घातलेलं काकांनी कधी काढलं नाही. कुठेतरी कुणीतरी वापरत असणारच. नऊ वर्षांत प्रोग्राम चाळीसपट झाला.

"काका, याचं पोट सुटलंय," मी चिडवायचो.

"चार घरचं जेवल्यावर सुटणारच," ते म्हणायचे.

त्या सकाळी साडेदहाला फोन आला. पलीकडे एका हॉस्पिटलमधल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई होत्या. अकराला एका पेशंटचं ऑपरेशन होतं. मागच्या वेळी भुलीच्या औषधाने तिचा श्वास थांबला होता. औषधाचं नाव तिला आठवत नव्हतं. ते जुन्या रिपोर्टात होतं, आणि रिपोर्ट उघडत नव्हता.

"वीस मिनिटं झाली, दादा. नुसतं गोल गोल फिरतंय. डॉक्टर दारात उभे आहेत."

"ऑपरेशन थांबवता येईल का?"

"आतडं पिळलंय तिचं. किती थांबायचं?"

काकांनी फोन स्पीकरवर टाकला. पान दाखवण्याआधी प्रोग्राम अठरा कामं उरकायचा. त्यांची यादी भिंतीवर लावलेली होती. ते एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येत होते. अडकलंय ते फॉन्टपाशी नाही. आवाजापाशी नाही. अकराव्या ओळीवर बोट थांबलं: प्रोग्रामची नवी आवृत्ती आली का, ते इंटरनेटवर विचारून घेणं.

"ताई, तुमचं इंटरनेट कसं आहे?"

"सकाळपासून मेल्यात जमा. मधेच येतं, मधेच जातं."

"मग तो उत्तराची वाट बघत बसलाय. कंप्युटरच्या मागची इंटरनेटची वायर काढा. नेटच नसलं की तो वाट बघायचं सोडून पुढे जाईल."

"आहे तेही बंद पडलं तर?"

काकांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "काढा," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"आलं," बाई म्हणाल्या, आणि लगेच तोंड फिरवून कुणालातरी एक लांबलचक नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं. तिकडून पुरुषी आवाज आला, "बरं झालं. मी तेच देणार होतो."

काका खाली बसले.

दुपारी बाईंचा पुन्हा फोन आला. पेशंट शुद्धीवर होती. "आणि दादा, एक सुचवू? उघडायला किती वेळ लागणार, ते दाखवणारी एक पट्टी घाला ना. म्हणजे जीव टांगणीला लागत नाही."

सवयीने काकांनी पेन उचललं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"पट्टी नाही घालत, ताई," ते म्हणाले. "आधी पान दाखवायचं आणि बाकीचं मागून, असं करतो."