दारात उभी असलेली बाई

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणतो, सोडून दे. सोडून देणाऱ्यांना लोक कसं गृहीत धरतात ते मी माहेरी भरपूर पाहिलंय, म्हणून मी सोडत नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टमध्ये आलो. मुलगी शाळेत रुळली, माझ्याकडे वेळच वेळ उरला. तेव्हा इथल्या एका छोट्या संस्थेबरोबर मी काही आठवडे घानातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहून आले. गावातल्या कुटुंबांकडे राहायचं आणि त्यांच्या सोबतीनं मुलांसाठी पाळणाघर उभं करायचं, एवढंच काम. संस्थेची डच प्रमुख आणि मी एकाच घरी उतरलो होतो.

त्या घरची बाई माझ्याच वयाची. तिची जाऊ उभ्यानं मुसळ चालवायची आणि ही खाली बसून उखळातला उकडलेल्या कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, गोळा फिरवायची. बोटं कशी शाबूत राहायची देव जाणे. त्याला फुफू म्हणतात. सोबत शेंगदाण्याचा झणझणीत रस्सा, आणि त्यातला माशाचा सगळ्यात मोठा तुकडा आमच्या ताटात. आम्ही जेवून उठेपर्यंत ती दारात उभी राहायची. काही कमी पडतंय का, यावर डोळा ठेवून. मला यात नवल वाटलं नाही. माझी आई जन्मभर पाहुण्यांची पंगत उठल्यावरच जेवली. प्रमुखबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ती नंतर जेवते. मागच्या अंगणात, जावांबरोबर, पोटभर. आमच्याकडेही असंच असतं." "किती सुंदर!" म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

पुढच्या हिवाळ्यात पासपोर्टच्या कामाला मी द हेगला गेले, तर ट्रामच्या थांब्यावर तोच फोटो, माणसाएवढा. माझी यजमानीण दारात उभी. खाली संस्थेचं नाव, देणगीचं आवाहन आणि मोठ्या डच अक्षरांत लिहिलेलं: पाहुणे जेवतात, ती उपाशी राहते. तळपायाची आग मस्तकात गेली. न समजून केलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण प्रमुखबाईंना मी स्वतः सांगितलं होतं.

माझ्या यजमानिणीचा भाऊ अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये राहतो. त्यानंही ते पोस्टर पाहिलं आणि रागारागानं त्याचा फोटो गावी घरी पाठवला. गावभर झालं. त्या गावात कुणी गेलं की मयताला आलेल्या शेकडो लोकांना जेवू घालायचं असतं आणि त्या रांधपाचा मुख्य डाव, ती मोठी पळी, माझ्या यजमानिणीच्या हातात असायचा. तो मान तिच्या सासूपासून चालत आलेला. पुढच्या मयताला बायकांच्या म्होरकीनं डाव दुसरीच्या हातात दिला. म्हणे, जिच्या घरी उपासमार, तिनं गावाला काय वाढायचं! यजमानिणीनं मला फोन केला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "सिस्टर, त्यांना मी आता चुलीजवळसुद्धा नको."

मी आधी सरळ मार्गानं गेले, पोस्टर काढायला सांगितलं. प्रमुखबाई म्हणाल्या, "पण त्या फोटोचा लोकांवर खूप परिणाम होतोय! तू फार मनाला लावून घेतेस."

घेतेच. पुढे महिन्याभरात द हेगला संस्थेचा मेळावा होता. मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांचीच इच्छा. माझ्यासारखा चेहरा मंचावर शोभतो ना! मी साडी नेसून गेले. पहिल्या रांगेत देणगीदार, प्रमुखबाई आणि त्यांची म्हातारी आई. मी पडद्यावर एक फोटो लावला. त्यांच्याच घरच्या एका बैठकीत मी सहज काढलेला. प्रमुखबाई विटका स्वेटर घालून, सिंकपाशी उभ्या उभ्या, चीज घातलेला कोरडा पाव खातायत.

मी आवाजात त्यांच्यासारखीच करुणा आणली. "या बाईला दुपारी गरम अन्न मिळत नाही. बसून जेवायला सोबत कुणी नाही. तरी ती हसते."

लोक खो खो हसले. मग मी शेजारी ते पोस्टर लावलं आणि त्या बाईच्या घरी आम्ही काय काय जेवलो ते पदार्थांसकट सांगितलं. हसू थांबलं. म्हातारीनं मान वळवून लेकीकडे असं पाहिलं की माझ्या पोटात साखर पडली.

रात्री प्रमुखबाईंचा फोन. "मला न विचारता माझा असा फोटो? माझी आई तिथे होती!"

"गावात तिलाही सासू आहे," मी म्हटलं. "पोस्टर काढ. आणि माफी तिच्याकडे माग, माझ्याकडे नको."

पोस्टर त्याच आठवड्यात उतरलं. त्या रविवारी प्रमुखबाई सायकलवरून माझ्या घरी आल्या. मी चहा दिला, एकच बिस्किट पुढे केलं आणि डबा बंद करून ठेवला. कोतेपणा म्हणा हवं तर, मला फार बरं वाटलं.

माफीसाठी गावी व्हिडिओ कॉल लागला. त्यांना वाटलं होतं, समोर एकटी ती असेल. पण माझी यजमानीण अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि मागे चर्चच्या कपड्यांत सगळ्या रांधणाऱ्या बायका दाटीनं उभ्या होत्या. डाव काढून घेणारी म्होरकी अगदी तिच्या खांद्याशी.

प्रमुखबाई हळूच म्हणाल्या, "हे आपण दोघीच बोललो तर बरं होईल."

"पोस्टरवर मला उपाशी ठेवलंस, तेव्हा आपण दोघीच होतो?" ती म्हणाली.

प्रमुखबाईंनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप त्यांच्या आणखी जवळ सरकवला. "जरा मोठ्यानं बोल," मी म्हटलं. "मागच्या बायकांना ऐकू गेलं पाहिजे."