गोळी चहाबरोबर

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला एसटीपर्यंत पोहोचवायला निघाली होती. आमचा पाडा टेकडीवर, कळवणची गाडी खालच्या फाट्यावर. वाटेत एक छोटी चढण आहे, तिथं ती एकदा बसली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा गाडीचा हॉर्न ऐकू आला. "सुमे, तू हो पुढं, मी येतेच," ती धापा टाकत म्हणाली. मी पुढं झाले. गाडी सुटली तरी ती पोहोचली नव्हती. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. राग आला. एवढंसं चालणं, तेही हिला जमू नये?

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. पाड्यावरची मी पहिली पदवीधर. बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. पाण्यात लोखंड किती, क्षार किती, हे तपासायचं काम. पांढरा कोट मिळाला. वर्षभरात माझ्या बोलण्यातला 'लय' जाऊन 'खूप' आला, 'हाय'चा 'आहे' झाला. भाड्याच्या खोलीत गॅस, नळ, सीलिंग फॅन. गावाशी संबंध उरला तो किराणा दुकानातल्या फोनपुरता.

त्या फोनवर वडील एकच गाऱ्हाणं सांगायचे. "तुझी आई भाताच्या आवणीला बी बांधावर बसून ऱ्हाती. बाया हसत्यात." मीही त्यांच्याच सुरात म्हणायचे, "जरा हात-पाय हलवायला सांगा तिला." पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापून, सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर उरेल ते खाणारी बाई आळशी कशी असेल, हा प्रश्न मला पडला नाही. तिच्याच भाकरीवर शिकले होते, तरी नाही पडला.

पुढं उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा निघालं. त्यांनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. आठवड्याभरानं आईनंच दुकानातून फोन केला.

"सुमे, नर्सबाई म्हनल्या लिंबाच्या पान्यासंगं घे. पन लय मळमळतं. गंजाचा वास येतो तिला."

"मग चहाबरोबर घे. वास जाईल."

"चालंल ना? नर्सबाईंला इचारू का?"

"त्यांना काय विचारतेस? मी बी.एस्सी. आहे."

"बरं बाई. तुला जास्त कळतं."

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. दर महिन्याला मी एसटीच्या ड्रायव्हरकडे पार्सल द्यायचे, त्यात गोळ्या आणि नाशिकची चांगली कडक चहापत्ती. आपण आईसाठी किती करतो, असं वाटून मी स्वतःवरच खूश असायचे.

दिवाळीला गेले तेव्हा तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं. नर्सबाईंकडे पुन्हा रक्त तपासलं, फरक जवळपास शून्य. मी अंगणातच ओरडले, शेजारच्या बाया उभ्या असताना. "गोळ्या कुठं टाकतेस? उकिरड्यावर? घेते म्हणून खोटं सांगतेस होय?"

"नाय गं. रोज घेते. चहासंगंच, तू सांगितलं तशी." मग म्हणाली, "एकदा गोळी चहात पडली व्हती. चहा शाईवाणी काळा झाला बघ. तसं व्हतं का गं?"

"उगाच कारणं सांगू नकोस."

हिरडा विळ्यानं फोडला की बोटं काळी होतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. हिरड्यातला काय, चहातला काय, तुरट रस आणि लोखंड भेटलं की शाई होते, हे मी पुस्तकात वाचलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. निरक्षर आईनं तोच प्रयोग चुलीपुढं बसून पाहिला, जसा दिसला तसा सांगितला. मी तिला खोटारडी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ती पाण्याचा हंडा घेऊन पडली, तेव्हा तिला नाशिकला आणलं. दवाखान्यात मी आधीच डॉक्टरीण बाईंना सांगून टाकलं, "गोळ्या दिल्यात हो, पण ही टाकून देते." आई खाली बघत बसली.

डॉक्टरीण बाई आईकडे वळल्या. तिलाच विचारलं, "मावशी, पाळीला रक्त जास्त जातं का?"

"नाय. नेहमीवाणीच."

"आणि संडासला काळं होतं का?"

आई लाजली. "व्हतं. कोळशावाणी. गोळ्या सुरू केल्यापासनं."

"लोहानंच तसं काळं होतं. म्हणजे मावशी गोळ्या रोज घेतायत," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मावशी, कशाबरोबर घेता?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाचवायला ती गप्प बसली होती, आणि तरीही मी लगेच तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणाले, "चहाबरोबर. मी सांगितलं होतं."

चहा गोळीतलं लोह धरून ठेवतो, अंगात नीट उतरू देत नाही, हे त्यांनी मला समजावलं. संडास तपासल्यावर जंतही निघाले, भाताच्या चिखलात अनवाणी राबून शिरलेले. जंताचं औषध दिलं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तासांनी, आणि रक्त वाढलं तरी गोळ्या आणखी तीन महिने. म्हणजे नर्सबाईंचंच म्हणणं. आई माझ्या खोलीवर राहिली. दोनेक महिन्यांत जिना न थांबता चढायला लागली. पहिल्यांदा वर पोहोचली तेव्हा म्हणाली, "अगं, धाप नाय लागली!" मला मान वर करून बघवलं नाही.

गावाला गेल्यावर ती सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्या शिकल्याल्या पोरीनं मला उठवलं." मी ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं ऐकून घेतलं.

मध्यंतरी मी गावी आले होते, तेव्हा शेजारची नवी सून लाल गोळ्या घेऊन आली. पाड्यावरच्या बायांनो, अंगणात तुम्ही सगळ्या होतात. तिनं विचारलं, "ताई, चहासंगं घेतली तर?" मी म्हणाले, "नको गं. आईला मी तसंच सांगितलं होतं. चूक माझी..."

चुलीपुढून आई ओरडली, "काय बी बोलते! हिनं नको म्हनलं व्हतं. मलाच चहाची तलफ!" तुम्ही हसलात. मीही हसले आणि विषय संपला.

बायांनो, आईला मी जिथं खोटारडी म्हणाले होते, त्याच अंगणात ती त्या दिवशी खोटं बोलली. माझ्यासाठी. सातपूरला आता माझा स्वतःचा फ्लॅट आहे, पण घर म्हटलं की मला ती चूल आणि तिच्यापुढून आलेला तो आवाज आठवतो. ते खोटं तसंच ठेवून मला तिथं जेवायला बसवत नाही, म्हणून हे लिहिलं. तुमच्यातल्या ज्या पोरी शिकल्या आहेत त्यांनी हे माझ्या आईला वाचून दाखवावं. ती नाही म्हणेल, मलाच चहा लागायचा म्हणेल. या एका बाबतीत तिचं ऐकू नका.