लाल रंगाखालचं विमान

गेनभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात मायक्रोमीटर होता. टूलरूममधला चव्हाण इन्स्पेक्शनच्या खिडकीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सबनीससाहेब, पहाटे गेनभाऊ गेले." मी आधी रीडिंग पूर्ण घेतलं, तपासलेल्या जॉबवर पास झाल्याचा हिरवा ठिपका दिला आणि मग विचारलं, "किती वाजता?" चव्हाण माझ्याकडे बघतच राहिला. याला आता पाच आठवडे झाले. पुनावळ्याला त्यांच्या घरी मी गेलो, खांदाही दिला. दहाव्याला चार शब्द बोला म्हणून लोकांनी मलाच पुढे केलं, कारण एकेकाळी आमची जोडी कंपनीत सगळ्यांना ठाऊक होती. मी छान बोललो. माणूस कसा सरळ होता, हात कसा सफाईचा होता, देशासाठी काय काय सोसलं... त्यातलं काहीच खोटं नव्हतं, पण जे सांगायला हवं होतं ते मी तिथे गिळलं. ते इथे लिहितो आहे.

गेनभाऊ आमच्याकडे फिटर. त्याआधी फौजेत, विमानभेदी तोफेवर. एकाहत्तरच्या लढाईतून डाव्या कानाने ठार बहिरे होऊन परतले आणि माजी सैनिक म्हणून कंपनीत लागले. मी डिप्लोमावाला इन्स्पेक्टर, स्वतःला फार हुशार समजणारा. मशिनं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरकडे मी पुठ्ठ्यावर खेळायचा लढाईचा खेळ पाहिला. तो आपल्या देशी परत गेला, खेळ माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी ड्रॉइंग ऑफिसात बसून मी स्वतःच नकाशा काढला. मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची घरं, मधून एक नदी, नदीवर पूल. त्याचा अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगची छापील प्रत, मारला. सोंगट्या गेनभाऊंनी पितळी पत्र्याच्या भंगारातून कापल्या आणि कानशीने अशा घासल्या की बोटाला कुठे धार लागू नये. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी कासारवाडीच्या माझ्या खोलीत ट्रंकेवर नकाशा पसरायचा. रुळांवरून मालगाडी गेली की सोंगट्या थरथरायच्या, आणि ती जाईपर्यंत आम्ही दोघं नकाशाच्या कडा दाबून धरायचो.

एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तीन तोफांनिशी पूल राखायचा. विमानं सगळी पालथी. त्यांत बॉम्बवाली असत, नुसती फसवायला पाठवलेली कोरी असत, आणि राखणाऱ्याची स्वतःची, मोहिमेवरून घरी परतणारी दोन विमानंही मिसळलेली असत. सगळी सरकवायचा हल्ला करणारा, म्हणजे कुठलं कोणाचं ते खालच्याला कळू नये. विमान तोफेपासून तीन घरांत आलं की राखणाऱ्याने आधी ठरवायचं, मारायचं की नाही. सोंगटी उलटायची ती त्यानंतर. मारलं तर फासा टाकायचा. सहा पडला तर विमान खलास, चार-पाच पडले तर आल्या वाटेने माघारी, त्याखाली काही पडलं तर ते डोक्यावर आलंच. एका तोफेला चारच फैरी, त्या संपल्या की त्या तोफेने एक पाळी मुकाट बसायचं. हा सगळा बेत माझा होता आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता.

गेनभाऊ सुरुवातीला दणकून हरायचे, कारण दिसेल त्या विमानावर मारायचे. स्वतःचंच विमान पाडून बसायचे. मी खो-खो हसायचो. "गेनभाऊ, तुम्ही फौजेत होतात की दिवाळीचे फटाके उडवत होतात?" ते उजवा कान माझ्याकडे करून ऐकायचे आणि म्हणायचे, "पडू द्या पडलं तर. खाली माणसं हायत." चार-पाच गुरुवार असे गेले, तेव्हा एकदा चहा पिता पिता त्यांनी आपणहून सांगितलं. "आमीबी पूलच राखत व्हतो. आमची इमानं परतनार व्हती, म्हून हुकूम आला, सांगंस्तवर फायर न्हाई करायचं. एक आलं खाली... मी म्हनलं आपलंच आसंल. पायडलावर पाय व्हता माझा, सबनीसराव. नुस्ता दाबायचा व्हता." विमान शत्रूचं निघालं. त्यांच्या तोफेवरचे तिघं गेले. बलदेव, हणमंत आणि येसू. एवढं सांगून ते थांबले. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "म्हणजे आपला नियम अगदी बरोबर बसलाय बघा!"

त्यांनी चहाचा कप विसळून पालथा घातला. पुढच्या गुरुवारी मात्र तिन्ही तोफांच्या पाठीवर अक्षरांच्या पोलादी पंचाने ठोकलेली तीन नावं होती. आणि त्यांचा खेळच बदलला. मारायचे सगळ्यांवर, पण कुठली तोफ कधी रिकामी होणार याचा हिशेब डोक्यात ठेवून. एक तोफ गप्प झाली की शेजारची तिला राखायची. मी सलग हरू लागलो. चव्हाण आणि मंडळी बघायला खोलीवर येऊ लागली. एका फिटरपुढे मी हरतोय हे कॅन्टीनमध्ये चघळलं जाऊ लागलं आणि ते मला सहन होईना. हे असं स्वच्छ लिहायला मला पाच आठवडे लागले.

खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि कोणीतरी टूम काढली की आज डाव कॅन्टीनमध्ये होऊ दे. पंचवीस-तीस जण टेबलाभोवती उभे. मी हल्ला घेतला. गेनभाऊंकडून एकही विमान सोडवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि का सोडवणार नाही हेही तिथे फक्त मलाच ठाऊक होतं. मी कोरी विमानं सोडली. एकामागून एक, तिन्ही तोफांच्या मध्यावरून. ते मारत राहिले. फासा त्या दिवशी त्यांच्यावर खूश होता, चारदा सहा पडला, लोक टाळ्या वाजवत होते. पाडलेली विमानं उलटली की कोरी निघत होती. शेवटच्या दोन फैरींवर मी त्यांचीच दोन विमानं पुढे सरकवली. गेनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ही आपलीच आहेत हे त्यांना कळलं होतं, मी पैजेवर सांगतो. तरीही त्यांनी मारलं. तोफा रिकाम्या झाल्या आणि मी बॉम्बवाली आणली.

इथे थांबलो असतो तर तो नुसता एक डाव ठरला असता. पण माझ्या खिशात इन्स्पेक्शनची लाल रंगाची डबी आणि ब्रश होता. आमच्याकडे नापास जॉबवर लाल ठिपका देतात. तो लागला की जॉब पुन्हा लाइनवर येत नाही, थेट भंगारात जातो, हे झाडूवाल्यालाही माहीत. मी पहिली तोफ उलटली, मोठ्याने वाचलं, "बलदेव... रिजेक्ट!" आणि नावावर ब्रश फिरवला. मग हणमंत. मग येसू. लोक हसले, त्यांना ती नावं कोणाची ते कुठे माहीत होतं? गेनभाऊंनी रंग वाळायचीही वाट पाहिली नाही. सोंगट्या रुमालात बांधल्या, नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "जिंकला व्हता की तुमी. रंग कशापायी लावला?" मी म्हणालो, "अहो, खेळ आहे हा!"

त्यानंतर ते माझ्या खोलीवर आले नाहीत. कामापुरतं खिडकीशी यायचे, जॉब ठेवायचे, दुसरीकडे बघत उभे राहायचे. माझी चूक मला कळत होती, म्हणूनच मी अधिक चिडलो. मापातला केसाहून बारीक फरक, जो अर्धा धागा इतरांना माफ करायचो, तो त्यांना करत नव्हतो. त्यांनी एकदाही हुज्जत घातली नाही. अशी सहा-सात वर्षं गेली.

मग चिंचवडच्या दवाखान्यात त्यांना ठेवलंय असं कळलं. पोटात पाणी झालं होतं. मी मोसंबी घेऊन गेलो, माफी मागायचीच असं ठरवून. कॉटच्या दोन्ही बाजूंना स्टूल होतं. मी डावीकडच्या स्टुलावर बसलो. त्यांचा कोणता कान मेलेला आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या कानाशी वाकून मी हळू आवाजात सगळं बोललो, रंगाचं, नावांचं, धाग्यांचं. माफ करा म्हणालो. मोकळा झालो. गेनभाऊ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मोसंबी आंबट हायती का वो?" मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! माफी मागून झाली होती आणि ती कोणी ऐकली नव्हती. दोन दिवसांनी त्यांना घरी नेलं. पुढे तीन आठवड्यांनी ते गेले.

गेल्या गुरुवारी त्यांच्या पत्नी, सरूवहिनी, खोलीवर आल्या. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. "भावजी, ह्यो तुमालाच द्यायचा, आसं सांगून गेल्यात." आत नकाशा होता, घड्यांवर फाटून चिकटवलेला. फासा होता. तिन्ही तोफा होत्या, पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेल्या, नावं पुन्हा खोल ठोकलेली. लाल रंगाचा कणही नव्हता. आणि एकच विमान होतं, लाल, इतके थर चढलेले की सोंगटीची जाडी दुप्पट झाली होती.

"दर गुरुवारी एकलेच खेळायचे," वहिनी म्हणाल्या. "तोफांकडनं फासा टाकायचे. ह्ये इमान पडलं की रंग लावायचे, आन मंगच जेवायला उठायचे."

मी विचारलं, "दवाखान्यातून घरी आल्यावर सुद्धा?"

"व्हय. तुमी भेटून गेलाव ना, त्याच्या म्होरल्या गुरुवारी तर दोनदा."

त्या गेल्यावर मी ब्लेडने एका कडेचे थर खरवडले. खाली पंचाने ठोकलेलं 'सबनीस' निघालं. तेवढं पाहून मी ब्लेड ठेवून दिलं आणि खरवडलेल्या जागी पुन्हा लाल रंग दिला.

आज गुरुवार आहे. ट्रंकेवर नकाशा पसरलाय. बलदेव, हणमंत आणि येसू पुलाशी आहेत, चौथ्या बाजूला ते विमान. मी तोफांकडून फासा टाकतो आहे. सहा पडल्याशिवाय जेवायला उठत नाही.