कपडे धुवायच्या खोलीतला बाप

आमच्या म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, क्लॅरीला, वेड कशाचं, तर गजन माशाचं. जांभळ्या ठिपक्यांचा, बोटाएवढा. गावच्या पाणथळीत हे पूर्वी मुबलक असायचे. दुष्काळात पाणथळ आटली नि ते गेले. आता पाणी परत आलंय, पण मासा नाही. क्लॅरीने कुठून तरी एक जोडी मिळवली आणि काचेची टाकी मांडली थेट माझ्या वॉशिंग मशीनशेजारी. पिल्लं झाली की पाणथळीत सोडायची, एवढाच ध्यास. दोनदा अंडी झाली, दोन्ही वेळा बापानेच गट्टम केली.

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, क्लॅरी गुडघा बदलायला बेंडिगोच्या हॉस्पिटलात गेला, आणि नेमकी तेव्हाच टाकीतल्या मातीच्या पाइपाला अंडी चिकटली. फोनवरून त्याने मला पढवलं: मादीला वेगळं काढ, अंड्यांचा पाइप बादलीत ठेव, हवेचा पंप लाव, बापाचा काडीचा भरवसा नाही.

मादीला काढलं. पण मेला बाप पाइपाच्या तोंडाशी उभा राहून परांनी अंड्यांना वारा घालत होता. गांडूळ टाकलं, तर ढुंकून बघितलं नाही. पाइपाला हात लावला, तर बोटावर धावून आला. म्हटलं, सांभाळ बाबा तुझं तू. क्लॅरीला काही बोलले नाही, पण जीव टांगणीला लागला. ह्याने खाल्ली असती, तर कुठल्या तोंडाने सांगणार होते?

त्यात उन्हाचा कहर झाला आणि अख्ख्या गावची वीज दिवसभर गेली. टाकीतला हवेचा पंप बंद. मी टाकीवर ओली फडकी टाकत बसले. तो आपला वारा घालतोच आहे. दुसऱ्या सकाळी बघते तर पाण्यात केसासारखी पिल्लं वळवळतायत.

तेवढ्यात क्लॅरीचा फोन. आवाज पार खाली गेलेला. "वीज गेली होती म्हणे. बादलीतली अंडी मेली ना?"

"बादलीत ठेवलीच नाहीत. बापाने वारा घालून जगवली. पिल्लं झालीत."

"त्याचा भरवसा धरलास तू?"

मग मात्र माझी सटकली. "माझ्या तिन्ही बाळंतपणांत तू मेंढ्या भादरत मुलूखभर हिंडत होतास, क्लॅरी. हा जागचा हलला नाही."

जास्त बोलले की काय, असं वाटून मी घाबरले.

"यायला हवं होतं गं मी, डॉट," तो म्हणाला.

पन्नास वर्षं मी हे ऐकायला थांबले होते. मला रडू फुटलं. मग नाक पुसलं आणि विचारलं, ह्या पिल्लांना आता खायला काय घालू.