चार बोटं रुंद

मोखाड्याच्या जीप स्टँडसमोर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. बाकीची गिऱ्हाइकं घाईत असतात, प्रेमा कधीच नसते. ती बेअरिंग कानाशी नेऊन फिरवते, नाक मुरडते आणि दुसरं मागते. एका बाईने भर दुकानात माझ्या मालाला नाक मुरडावं, याची मला सवय नव्हती. आता झाली आहे.

प्रेमा साखरशेतकडच्या एका पाड्यावरची. जमीन नावालाही नाही. ती आणि नवरा हरेश लोकांचं भात कापून झालं की दर वर्षी भिवंडीला जायचे. तिथे ग्रिलच्या कारखान्यात हरेश लोखंड उचलायचा आणि ही झाडलोट करायची. झाडता झाडता तिने वेल्डिंग डोळ्यांनी शिकून घेतलं. एक दिवस कारागीर आला नाही, तेव्हा तिने वेल्डिंगचा होल्डर उचलला. मालक आधी ओरडला, मग जोड बघून त्याने पुढचं कामही तिलाच दिलं. चार वर्षांनी ती स्वतःचं मशीन घेऊन परत आली आणि रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडखाली बसली. बाई वेल्डिंग करते म्हणून लोक बघायला यायचे. काम नसेल तर उजेड अडवू नका, असं ती त्यांना तोंडावर सांगायची.

हरेशला त्याच सुमारास सर्वेशकडे काम लागलं. सर्वेश जव्हारचा, पैसेवाल्या घरचा. त्याने पर्यटकांसाठी पठारावर तीन जुन्या स्पोर्ट क्वाड आणल्या होत्या. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि कान फाटतील असा आवाज. हरेश पुढच्या क्वाडवर बसून वाट दाखवायचा, पर्यटक मागून यायचे. एका दुपारी दरीकडे कललेल्या वळणावर हरेशचीच क्वाड उलटली आणि मागचा पाहुणा तिच्यावर येऊन आदळला. पाहुण्याचा हात मोडला. त्याच आठवड्याच्या बाजारात सर्वेशने चहाच्या टपरीवर वीस माणसांसमोर सांगून टाकलं की हरेश प्यायलेला होता.

हरेशने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. त्याचा बाप दारूपायी गेला, हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. पण बाजारात पडलेला शब्द पाड्याला विचारून फिरत नाही. शाळेच्या मुलांची जीप त्याच्या हाती द्यायचं ठरत आलं होतं, ते फिसकटलं. याहून वाईट म्हणजे तो स्वतःच डळमळला. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणायला लागला. नवऱ्याच्या तोंडून हे ऐकलं आणि प्रेमाचं डोकं फिरलं.

ती पठारावर जाऊन अर्धा दिवस त्या वळणावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली की दोष त्या गाडीचा आहे, गाडी अरुंद आहे. मी हसलो. कंपनीपेक्षा तू शहाणी का, असंही विचारलं. ती चिडली नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आडव्या उतारावरून कसं चालतात, हे तिने मला माझ्याच दुकानात चालून दाखवलं. पाय जवळ टाकले तर बाई मोळीसकट खाली जाते, म्हणून पाय फाकून टाकायचे. चाकांचंही तेच. चारही चाकं चार चार बोटं बाहेर काढायला हवीत.

सर्वेशकडे ती उलटलेली क्वाड वाकलेल्या ॲक्सलसह भंगारात पडून होती. प्रेमाने ती मागितली. त्याने गंमत म्हणून दिली.

इथे मी शहाणपणा केला. फक्त मागची चाकं बाहेर काढ, तेवढ्याने भागतं, असा सल्ला दिला. तिने ऐकलं. जुना ॲक्सल सरळ करून मागच्या चाकांना जाड चकत्या लावल्या आणि गाडी शेतात फिरवून पाहिली. मागचं बूड पक्कं बसलं, पण हँडल वळवलं तरी पुढची चाकं सरळच सरकत राहिली आणि प्रेमा करवंदीच्या जाळीत जाऊन पडली. हाताला ओरखडे घेऊनच ती दुकानात आली. यापुढे आपला सल्ला तुमी गल्ल्यात ठेवा, म्हणाली.

मग तिने सगळं नव्याने मांडलं. पुढची चाकं धरणारे चारही आर्म कापले, आत पोलादी नळी घालून लांब केले. चाकं वळवणाऱ्या दांड्या तेवढ्याच वाढवल्या. ब्रेकचे पाइप लांब आणले. आर्म लांब झाल्यावर पुढची स्प्रिंग मऊ पडली, वळणावर नाक खाली जायला लागलं, म्हणून शॉकॲब्सॉर्बर कडक करून घेतले. दोन्ही चाकं सरळ आहेत का, हे तिने सुतळी ताणून पाहिलं, आणि एका केसाचा फरक दिसला तरी पुन्हा खोललं.

मागे चकत्यांवर कायमचं भागणार नव्हतं, ॲक्सलच लांब हवा होता, आणि त्यावर आमचं भांडण झालं. मी म्हणालो, जुनाच कापून मध्ये तुकडा जोड, तुझा जोड कोण तोडणार? ती म्हणाली, "सांधलेला ॲक्सल वळणावर तुटला, तर परत हरेशच प्यायलेला ठरंल." तिने नाशिकच्या लेथवर अख्खा नवा ॲक्सल करून घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून आणला.

पठारावरच्या त्याच वळणावर चाचणीला सर्वेश आला, मीही गेलो. सर्वेशने बाहेरून एक चालक आणला होता. प्रेमाने त्याला गाडीला हात लावू दिला नाही. हरेश बसेल, नाहीतर कोणी नाही. हरेश बाजूला उभा होता. त्याला बसायचं नव्हतं. प्रेमाने त्याला समजावलं नाही, गोंजारलंही नाही. त्याच्याकडे बघत किल्ली पुढे धरून उभी राहिली. शेवटी त्याने किल्ली घेतली.

पहिल्यांदा तो वळणावरून हळू गेला. दुसऱ्यांदा जरा जोरात. तिसऱ्यांदा त्या दिवशी होता त्याच वेगाने गेला, आणि गाडी जमीन धरून कललेल्या वळणावरून पार झाली. त्यानंतर त्याला थांबवावं लागलं. सात-आठ फेऱ्या मारून तो उतरला तेव्हा रडत होता आणि लपवत नव्हता.

सर्वेश खूश झाला. हरेशला उद्यापासून परत कामावर ये म्हणाला आणि प्रेमाला उरलेल्या दोन्ही क्वाड न्यायला सांगितलं. वर पगार वाढवायचीही तयारी दाखवली. प्रेमा म्हणाली, "शब्द जिथं टाकला तिथंच उचलायचा, आमच्यात असंच हाय. बाजारात बोललास, बाजारात परत घे. मग गाड्या बघू."

सर्वेशने दोन आठवडे टाळलं. प्रेमानेही दोन्ही गाड्यांना बोट लावलं नाही. तिसऱ्या बाजारी तो त्याच टपरीवर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला की हरेश प्यायलेला नव्हता, माझीच गाडी अरुंद होती. हरेश समोरच होता. त्याने मान हलवली आणि चहा मागितला.

ते ऐकून मी घरी निघालो, तर प्रेमाने हाक मारली. "आता तुमी, शेठ."

लोक माझ्याकडे बघायला लागले. सर्वेश एकदाच बोलला होता. मी मात्र महिनाभर दुकानात बसून ज्याने विचारलं त्याला, आणि न विचारणाऱ्यालाही, हरेशच्या दारूची गोष्ट चवीने सांगितली होती. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरीही ती माझ्याच दुकानातून सामान नेत होती. मी बोललो, जमेल तेवढ्या मोठ्याने.

ती म्हणाली, "एकदा नाय. महिनाभर सांगितलंत, महिनाभर परत घ्या."

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की आधी हे सांगतो, मग माल दाखवतो. आज अकरावा दिवस आहे. तुम्हालाही सांगतो, हरेश प्यायलेला नव्हता.