अकरा अभिप्राय

जगातला कुठलाही कागद आमच्या मॅडमच्या हाती पडला की त्याचं साहित्य होऊन जाई, आणि एकदा साहित्य झालं की त्या कागदाची सुटका नसे. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात एम.ए. मराठीला त्या साहित्यसिद्धान्ताचा पेपर शिकवत. पेपर ऐच्छिक, वर्गात आम्ही अकरा जण. औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, एसटीतली पाटी असो की शेंगाचटणीच्या पाकिटावरचा मजकूर, मॅडम सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारत. हे कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? आणि काय लपवतंय? एकदा मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसलो होतो. भर चौकात त्यांनी गाडी थांबवली आणि वाढदिवसाचा फ्लेक्स वाचत बसल्या. मागे रिक्षांचे भोंगे सुरू झाले. हवालदार धावत आला. "मॅडम, गाडी बाजूला घ्या की."

"अहो, थांबा जरा. या फ्लेक्सचा नायक हा मधला गॉगलवाला नव्हेच. खाली कोपऱ्यात तो अर्धा कान कापला गेलेला शुभेच्छुक दिसतो ना, सगळं दुःख तिथं आहे."

हवालदारानं वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तो माझा मेव्हणा हाय." मग सिग्नल दोनदा बदलेपर्यंत दोघं मेव्हण्याविषयीच बोलत राहिले.

आमच्या वर्गातला महादेव मंद्रूपचा. सकाळी कॉलेज करून दुपारी तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर जाई. त्यानं बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर मॅडमनी ती दुसऱ्या दिवशी लाल शाईचे शेरे मारून परत केली. 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' या ओळीसमोर लिहिलं होतं, 'निवेदक विश्वासार्ह नाही. वय पाहता त्याला अजून बोलता येत नसावं.' लग्नाला मात्र त्या मंद्रूपला बसनं गेल्या आणि पंगतीत वाढायलाही उभ्या राहिल्या.

त्यांना सगळ्यांत जास्त भूक होती ती मतांची. "पटलं का?" असं त्या विचारत आणि कुणी "हो मॅडम" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरे. एकदा महादेव वैतागून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? ह्यो सिद्धांत म्हंजे सूत न लावलेला माग हाय. आवाज लई, कापड न्हाय." आम्ही खाली माना घातल्या. मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, खाली महादेवचं नाव घातलं आणि पुढचे दोन दिवस फक्त त्या वाक्यावर शिकवलं. मी अशी मतं कधी दिली नाहीत. मला तो पेपर फार आवडत होता, आणि ते वर्गात बोलून दाखवायची लाज वाटत होती. मी पुढच्या बाकावर बसून फक्त लिहून घेत असे.

सत्र संपताना कॉलेजनं अभिप्रायाचे छापील, बिननावाचे फॉर्म वाटले. शेवटचा प्रश्न होता, 'या पेपरचा दुसरा भाग पुढील सत्रात ठेवावा का?' तो दुसरा भाग मंजूर करून घ्यायला मॅडमनी विद्यापीठाच्या किती खेपा घातल्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. पण मुलांना तो नको असेल तर त्याऐवजी जाहिरातलेखन घेऊ, असं विभागप्रमुखांनी सांगून ठेवलं होतं, आणि जाहिरातलेखनात गुण सहज पडतात अशी ख्याती होती. आमच्याकडे असले फॉर्म सगळ्यांच्या वतीनं एकानंच भरायची रीत. ज्याचं मराठी बरं, त्याच्यापुढे गठ्ठा. गठ्ठा माझ्यापुढे आला.

"लिही की लेखका," महादेव म्हणाला. "वाईट नको लिवू, पण नको म्हणून लिव."

मी वाईट लिहिलं. खरं सांगायचं तर मला त्यात चव आली. अकरा फॉर्म, अकरा माणसं. एकात अक्षर डावीकडे झुकवलं, एकात शुद्धलेखनाच्या चुका पेरल्या, एकात रागावलो, एकात नम्र झालो. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, हे सगळं मॅडमनी शिकवलेलंच वापरलं. अकराव्या, म्हणजे माझ्या स्वतःच्या फॉर्मवर लिहिलं, 'मॅडम मनापासून शिकवतात, पण जे शिकवतात त्याची आयुष्यात कुणालाच गरज नाही.' वाक्य मोठ्यानं वाचलं तेव्हा बाकं वाजली. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी बाकं वाजवली होती.

आठवड्यानं मॅडम गठ्ठा घेऊन वर्गात आल्या. मागोमाग विभागप्रमुख. ते सरळ माणूस होते. म्हणाले, "हे एकाच हातचे वाटतात. तसं असेल तर रद्द करू, पेपर चालू राहील. पण कुणी लिहिले ते कळायला हवं." मॅडमनी चष्मा लावला आणि एकेक फॉर्म वाचू लागल्या. चौथ्याला हसल्या. "हा रागावलेला छान जमलाय." सातव्याला म्हणाल्या, "याच्या चुका फारच शिस्तीत आहेत." अकरावा त्यांनी मनातच वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढला.

"मॅडम, कोण आहे?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"सर, लिहिलेलं हातात आल्यावर लेखकाचा पत्ता विचारायचा नसतो. मी मुलांना सत्रभर हेच शिकवलंय."

"अहो, पण तुमचा पेपर जाईल."

"जाईल," मॅडम म्हणाल्या.

मी उभा राहिलो असतो तर तो गेला नसता. बाकाखाली महादेवनं माझ्या पायावर पाय दाबला. ऊठ म्हणून की बस म्हणून, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही. मी बसून राहिलो.

पुढच्या सत्रात मॅडमनी आम्हाला साबणाच्या जाहिराती शिकवल्या. साबणालाही तेच तीन प्रश्न विचारले. माझ्याशी त्यांचं वागणं तसूभरही बदललं नाही, आणि मला तेच सोसत नसे. पुढे मी नातेपुत्याला शाळेत नोकरीला लागलो. सोलापूरला गेलो की त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि काहीतरी काम आठवून परत फिरे.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. मी चौदाव्या दिवशी गेलो, गर्दी नसेल म्हणून. मुलगी एकटीच होती. नाव सांगताच तिनं ओळखलं. "आई तुमच्याबद्दल बोलायची. म्हणायची, त्या वर्षी एकाला तरी माझा पेपर मनापासून आवडला होता. बोलायचा नाही, पण लिहून घेताना त्याचे ओठ हलायचे."

"हो," मी म्हणालो. "आवडला होता."

"मग तो बंद का पडला हो? तिनं कधी सांगितलं नाही."

घरात पंखा फिरत होता. ती अगदी साधेपणानं विचारत होती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"मुलं मिळेनात म्हणून," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तिनं दिलेला चहा मी सगळा प्यालो, कप स्वतः विसळून ठेवला, आणि तिनं "येत जा" म्हटल्यावर मान हलवली.